समोरच्याचा उजवा

उजवं आणि डावं या दोन गोष्टी देवाने माणसाच्या सोयीसाठी केल्या आहेत, असा माझा लहानपणापासूनचा समज होता. तो गुरवमामांनी पार धुळीला मिळवला. इतक्या प्रेमाने आणि इतक्या निर्मळ मनाने समोरच्याला गोंधळात टाकणारा दुसरा माणूस त्या काळी मुळशी खोऱ्यात नव्हता, आणि पुढे डॉक्टरकीच्या निमित्ताने मी गावोगाव हिंडलो तिथेही मला तसा कोणी भेटला नाही. ते माझे सख्खे मामा नव्हेत. माझं आजोळ मुळशीच्या पुढे, अगदी नदीकाठाला. तिथल्या भैरोबाचे ते गुरव. देवाची पूजा करायची, गावच्या जेवणावळींना पत्रावळी लावून द्यायच्या आणि पालखी निघाली की पुढे सनई वाजवायची, ही त्यांची पिढीजात कामं. आजोळचा झाडून सगळा पुरुषवर्ग आमचा मामाच असायचा, म्हणून हे गुरवमामा. उंच, काटकुळे, कानांवर केसांचे झुपके आणि खांद्याला कापडी खोळीत सनई. शेतात निघाले तरी सनई, पौडच्या बाजाराला निघाले तरी सनई. मामी सांगायची, "लग्नात ह्यास्नी हार घालाया गेले, तर हातात सनई! निम्मा हार म्या सनईलाच घातला." हे सांगताना ती रागावलेली असायची की लाजलेली, तेही कधी नीट कळलं नाही.

मामांच्या उजव्या-डाव्याचं मूळ देवळात होतं. आमच्याकडे देवाला कौल लावतात. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना पाण्याने फुलाची एकेक कळी चिकटवायची, प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवी कळी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. पण ही उजवी म्हणजे देवाची उजवी. समोर बसलेल्या गुरवाला ती आपल्या डाव्या हाताला दिसते. मिसरूड फुटायच्या आधीपासून मामा हे काम करत आलेले, त्यामुळे उजवं-डावं हे समोरच्याच्या बाजूने मोजायचं असतं हे त्यांच्या हाडीमाशी खिळलं होतं. मी एकदा त्यांच्याशी यावर वाद घातला, तर अगदी कळवळून म्हणाले, "भाचेबुवा, देवाशी बोलताना देवाचा उजवा धरायचा आन मानसाशी बोलताना आपलाच पुडं दामटायचा, हे काय बरं न्हाई. समोरच्याचा उजवा त्यो खरा उजवा. आपलाच सांगत बसनं म्हंजी मीपना झाला." आजही मला यातली चूक नेमकी दाखवता येत नाही.

या मीपणा नसण्याचा प्रसाद खोऱ्यातल्या बहुतेकांना मिळालेला होता. लग्नाचं एक आख्खं वऱ्हाड मामांना वाट विचारून निघालं आणि भलत्याच गावच्या मांडवात जाऊन उतरलं. तिथल्या लोकांनी गूळपाणी देईपर्यंत कोणाच्या काही लक्षात आलं नाही. धरणाच्या कामावर आलेल्या एका मोजणीदाराने चावडी कुठे म्हणून विचारलं. मामा त्याच्याकडे तोंड करून उभे होते. त्यांनी त्याच्या तेव्हाच्या उजव्याने अदबीने वाट सांगितली, तो पाठ फिरवून निघाला तसं ते उजवं डावीकडे गेलं, आणि तो माणूस साखळी, झेंडे आणि गड्यांसकट सकाळभर नदीच्या चिखलात म्हशींच्या संगतीत राहिला. त्या काळी धरणावरून गावात मोठी चळवळ झालेली, काही माणसं तुरुंगात जाऊन आलेली. हे सगळं चालू असताना काही दिवस गावाला अशीही आशा वाटत होती की, सगळ्या मोजणीदारांना जर मामांनीच वाटा दाखवल्या तर हे धरण चुकून दुसऱ्याच तालुक्यात बांधलं जाईल. पण तसं काही झालं नाही. भिंत जिथे उठायची तिथेच उठली.

गावकरी या सगळ्याला सरावले होते. मामांनी उजवीकडे सांगितलं की ते डावीकडे वळत आणि बिनचूक पोचत. पण हे मामांच्या कानावर गेलं. आपल्यामुळे लोकांना मनातल्या मनात उलटंपालटं करावं लागतं याचं त्यांना फार वाईट वाटलं. मग ते कधीमधी समोरच्याची सोय बघून आपणच आधी उलटं करून सांगू लागले. गावकरी ते सवयीने पुन्हा उलटं करीत. यापुढे त्या गावात कोण कुठे पोचेल याचा भरवसा राहिला नाही. एकट्या मामीने यातून वाट काढली होती. तिने उजवं-डावं हे शब्द संसारातून काढूनच टाकले होते. "न्हानीच्या अंगाची वहान" आणि "गोठ्याच्या अंगाची वहान" अशा तिच्या नवऱ्याच्या दोन वहाणा होत्या.

दुसरी खोड म्हणजे देवाला विचारल्याशिवाय काही करायचं नाही. आजोबांकडे पहिल्यांदा चहा आला तेव्हा मामांपुढेही कप ठेवला. मामांनी कपाकडे पाहिलं, आजोबांकडे पाहिलं, आणि कप तसाच हातात धरून ते देवळात गेले. बराच वेळ झाला तरी परत येईनात. आम्ही पोरं जाऊन बघतो तर दोन्ही कळ्या देवाच्या खांद्यांना घट्ट चिकटलेल्या, चहावर साय धरलेली, आणि मामा हात जोडून बसलेले. "देवबी इचारात पडलाय," हळूच म्हणाले. "त्येनं तरी च्या कुटं पिलाय?"

तिसऱ्या खोडीवर माझा सगळ्यात जास्त जीव. कोणी काही नवं शिकत असलं की मामा आपला देह त्याच्या स्वाधीन करत. गावात देवी टोचायला माणूस आला तेव्हा सगळे रानात पळाले. त्याच्याबरोबर एक शिकाऊ होता, त्याला टोचून बघायला कोणी मिळेना. मामा त्याच्यापुढे जाऊन बसले. कोणता हात, यावर दोघांचा घोळ झाला असणार, कारण मामा दोन्ही दंड टोचून घेऊन परत आले. शेजारच्या वाडीतला एकजण विंचू उतरवायचा मंत्र शिकत होता. मामा विंचू चावलेला नसताना त्याच्यापुढे पाय लांब करून बसत आणि मंत्र संपला की "उतरला बग" असं सांगून त्याची उमेद वाढवत. मी डॉक्टरकीच्या शाळेत गेलो त्या पहिल्याच सुट्टीत त्यांनी विचारलं, "काय शिकला?" मी म्हटलं, पट्ट्या बांधायला. झालं! मामा माझ्यापुढे बसले ते आजीची दोन जुनी लुगडी फाडून संपेपर्यंत उठलेच नाहीत. डोकं, जबडा, दोन्ही हात, एक गुडघा. सोडायला वेळ नव्हता, दिवेलागण होत आली होती, म्हणून तसेच आरतीला गेले. देवळाच्या पायरीवरून दोन बाया किंचाळत माघारी फिरल्या.

हे असं का करता, म्हणून मी एकदा विचारलं. मामा सनईची पत्ती पाण्यात भिजवत होते. सनईच्या तोंडाशी ताडपानाची पत्ती असते, ती ओठांत धरून फुंकायची. ते म्हणाले, "मी सनई शिकत व्हतो तवा बा मला घरात बसू देत नसं. गोठ्यात गेलो तर म्हस दूद चोरायची. गावात कुटंबी बसलो तरी मानसं उटून जायाची. मग देवळात बसायचो. देवाला उटून जाता येत न्हाई ना. त्येनं लई सोसलं माजं." मग पत्ती झटकून म्हणाले, "शिकनाऱ्याला कुनीतरी लागतंय, भाचेबुवा." आणि लगेच पत्ती तोंडात घालून त्यांनी बोलणं संपवलं.

आता दाताचं सांगतो. पुण्यात आमच्या शाळेच्या दवाखान्यात दात काढायला शिकवत. शिकवणारे साहेब विलायतेत शिकून आलेले, अंगाने भरदार, बोलायला कंजूष. त्यांची रीत अशी होती की रोगी ज्याने त्याने आणायचा. रोग्याला खुर्चीत बसवायचं, तोंड तपासायचं, आणि कोणत्या बाजूचा, वरचा की खालचा, कितवा दात काढायचा ते मोठ्याने म्हणायचं. साहेबांनी मान हलवली तरच पकडीला हात लावायचा. उपचार फुकट होते, साहेब शेजारी उभे असत, तरी रोगी मिळेना. आमची कीर्ती शहरभर झाली होती. आम्ही विद्यार्थी मंडईत नुसते फिरलो तरी गाल सुजलेली माणसं पदराआड नाहीतर पागोट्याआड जात. माझ्या वर्गातल्या एकाने तर आपल्या सासऱ्यांना आणलं होतं आणि त्यानंतर त्याची बायको माहेराहून यायला तयार नव्हती. मी अजून कोरा होतो.

अशात एका सकाळी माझ्या खोलीच्या दारात गुरवमामा उभे. धरणाच्या कामावरच्या लॉरीतून आलेले, भुवयांपर्यंत धुळीने पांढरे. खांद्याला सनई, जबड्याभोवती उपरणं बांधलेलं, दोन्ही गाल त्यात झाकलेले. मला बघितल्यावर डोळ्यांनीच हसले आणि ओल्या काजूंची भेट आणावी तसं म्हणाले, "भाचेबुवा, दात आनलाय तुमच्यासाटी."

मी खूश झालो, पण मामांचा चेहरा बघितल्यावर ते खूश होणं फार टिकलं नाही. येत्या पावसात गाव पाण्याखाली जाणार होतं. माणसं जिकडे सोय होईल तिकडे निघाली होती. भैरोबाला मात्र गावाने वरच्या डोंगरावर न्यायचं ठरवलं होतं, वैशाखात. आमच्या देवाची रीत अशी की तो सनईशिवाय उंबऱ्याबाहेर पडत नाही, आणि सनई त्याच्या स्वतःच्या गुरवाचीच लागते. पौडचा गुरव आपण होऊन वाजवायला तयार होता. मामांनी त्याला हात जोडले. "परक्याच्या सुरावर देव उटायचा न्हाई," ते मला म्हणाले, "आन जलमभर ज्येच्यापुडं वाजवलं त्येला घरातनं भाईर काडताना मी मुका ऱ्हाऊ?" पण पत्ती ओठांत धरून गाल फुगवले की दातातून अशी कळ निघे की डोळ्यांपुढे काजवे चमकत. लवंग झाली, हिंग झाला, मामीने मंतरलेला दोरा बांधून झाला. मग त्यांनी कौल लावला आणि देवाने पुण्याचा रस्ता दाखवला.

"उजवा दिला देवानं," मामा म्हणाले. कोणाचा उजवा हे विचारायचा मला धीर झाला नाही.

दवाखान्याकडे जाताना त्यांनी मला रस्त्यात थांबवलं. "येक सांगून ठिवतो. येका अंगाचा दात गेला तर मी भागवीन. वारा थोडा भाईर जाईल, पर जिभेनं आडवीन. दुसऱ्या अंगाचाबी गेला तर मात्र गालात वारा ठरायचा न्हाई. मग सनई खुंटीला." एवढं सांगून ते पुढे चालू लागले. मग मी त्यांना घाईघाईने डॉक्टरी पद्धत समजावून दिली. दवाखान्यात रोग्याचा उजवा तो उजवा, डॉक्टरचा नव्हे. मामा भर रस्त्यात आनंदाने थांबले. "म्हंजी समोरच्याचा उजवा! मी काय येगळं सांगत व्हतो?"

मी विचार करू लागलो. साहेब रोग्याचा उजवा धरणार. रोगी साहेबांचा उजवा धरणार. दोघांचं मत अगदी एक. आणि म्हणूनच बहुधा भलता दात निघणार. दवाखान्याच्या पायऱ्या चढेपर्यंत माझं स्वतःचंच उजवं-डावं जागेवर राहिलेलं नव्हतं. जेवतो तो कोणता, असं मनात म्हणून मी हात बघून घेतला.

मामा खुर्चीत बसले. साहेब खुर्चीच्या मागे उभे. मी पुढून तोंडात पाहिलं. वरच्या बाजूला सुळ्यामागचा एक दात कोळशासारखा काळा, आत पोकळ. त्याच्या जोडीचा पलीकडच्या बाजूचा दात मात्र पांढरा, धडधाकट. कोणीही काळ्यालाच हात घातला असता. काळा दात मामांच्या उजव्या बाजूला होता. "मामा, कोणता दुखतो?" मी विचारलं. "उजवा," मामा म्हणाले. मी त्यांच्यासमोर होतो, म्हणजे हा माझा उजवा, म्हणजे मामांचा डावा, म्हणजे तो पांढरा! मी घसा खाकरून मोठ्याने म्हटलं, "डावा, वरचा, सुळ्यामागचा."

साहेबांनी मान हलवली नाही. "रोगी उजवा म्हणाला," ते म्हणाले. "आणि किडलेलाही उजवाच आहे."

"साहेब, त्यांचा उजवा म्हणजे डावा असतो."

साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की डॉक्टरकी सोडून मी आजोळी म्हशी राखायला जावं असं मला वाटलं. मग ते स्वतः पुढे आले. "बाबा, नीट सांगा. कोणता?" आता साहेब समोर. मामांना माझी रस्त्यातली शिकवण आठवली, आणि साहेबांची सोय बघावी म्हणून त्यांनी मनातल्या मनात उलटं केलं. "डावा," ते म्हणाले. साहेब पुन्हा मागे गेले. माणूस समोरून मागे गेला म्हणजे हिशोब फिरला, असं धरून मामा मान वळवून लगबगीने म्हणाले, "आता उजवा, साहेब!" साहेब समोर आले की डावा, मागे गेले की उजवा. साहेबांनी खुर्चीला दोन प्रदक्षिणा घातल्या, आणि दात त्यांच्याबरोबर मामांच्या तोंडात या बाजूहून त्या बाजूला फिरत राहिला.

"बोट लावून दाखवा," साहेब म्हणाले. मामांनी हात पुढे केला आणि साहेबांच्या गालाला हळूच बोट लावलं. "हितं." विलायतेत शिकलेल्या माणसाच्या गालाला दवाखान्यात कोणी बोट लावलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो. साहेब एक पाऊल मागे सरले. मग त्यांनी मला दातांवर ठोकून बघायला सांगितलं. दुखऱ्या दातावर ठोकलं की माणूस उडतो, त्यावरून कळतं. मी काळ्यावर ठोकलं. मामा शांत. पांढऱ्यावर ठोकलं. मामा शांत, फक्त त्यांच्या पायाची बोटं आवळली गेल्यासारखी मला वाटली. "दुखलं का?" "तुमी शिका, भाचेबुवा," मामा तोंडात हत्यार असताना जमेल तसं म्हणाले, "मी हलत न्हाई." शिकणाऱ्यापुढे हलणं त्यांना असभ्यपणाचं वाटत होतं! मी पुन्हा ठोकलं, साहेबांनी ठोकलं, आलटूनपालटून ठोकलं. शेवटी मामांनी दोन्ही तळवे दोन्ही गालांवर ठेवले आणि दिलगिरीच्या सुरात म्हणाले, "आता दोनीबी दुखाया लागलं, साहेब."

एक चुकीची पकड आणि वैशाखात देव मुक्याने डोंगर चढणार. मी साहेबांना सगळं सांगून टाकलं. देवाचं, सनईचं, गालातल्या वाऱ्याचं. साहेबांनी ऐकून घेतलं, हातातली पकड तबकात ठेवली आणि मामांना विचारलं, "सर्वांत जास्त कधी दुखतो?"

"सनई तोंडात धरली की."

"मग वाजवा."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मीही गोंधळलो होतो. मामांनी खोळीतून सनई काढली, पत्ती जिभेवर ओली केली, दातांच्या खुर्चीत बसल्या बसल्या डोळे मिटून देवाला नमस्कार केला आणि फुंकर घातली. दवाखाना दणाणला. ओसरीवरचे रोगी उठून दारात आले, परिचारिका आल्या, पाय मोडलेला एक माणूस कुबड्यांवर आला. सूर जरा वर चढला आणि मामांचा एक डोळा आपोआप आवळला गेला, त्या बाजूचा खांदा वर आला, आणि सूर मध्येच तुटला. साहेब समोरून त्या डोळ्याकडे बघत होते. मग खात्री करून घ्यायला ते खुर्चीच्या मागे गेले आणि तिथूनही त्यांनी मामांचा खांदा बघितला. शेवटी त्या बाजूचा खुर्चीचा हात गच्च धरून मला म्हणाले, "ह्या खिडकीच्या बाजूचा." उजवं की डावं, हे त्या दिवशी त्यांनी पुन्हा उच्चारलं नाही.

तो पांढरा दात होता. वरून धडधाकट, पण काढला तेव्हा मुळाशी पू निघाला. पकड माझ्या हातात होती. मामा मला खुर्चीतून धीर देत होते. बधीर केलेल्या ओठांतून, "सावकास. घाई न्हाई. देव कुटं जातुया वैशाखापतुर," असं काहीबाही येत होतं. दात आला. माझ्या आयुष्यातला पहिला. मी तो तबकात ठेवला तेव्हा साहेबांनी मान हलवली, आणि मामांनी जड जिभेने मला विचारलं, "जमलं न्हवं?" दुखलं का हे मी विचारायचं, तर तेच मला विचारत होते.

वैशाखात मी आजोळी गेलो तेव्हा गाव ओळखू येत नव्हतं. घरांवरची कौलं उतरलेली, दारांच्या चौकटी बैलगाड्यांवर चढवलेल्या, नुसत्या भिंती उघड्या उभ्या. नदीकाठी मामा सनईची तालीम करत होते. दाताच्या फटीतून वारा निसटत होता आणि सुराच्या जोडीला एक बारीक शीळ ऐकू येत होती. मामी म्हणाली, "येकाच तोंडातनं आता सनईबी वाजतीया आन पावाबी." मामा चिडले नाहीत. जीभ कुठे लावली की शीळ थांबते याचा शोध ते लावत होते, आणि देव उठायच्या दिवसापर्यंत तो बहुतेक लागला.

देवाला पालखीत ठेवलं, तेव्हा गावात फक्त माणसं उरली होती, सामान सगळं निघून गेलं होतं. मामांनी सनई तोंडाला लावली आणि सगळे श्वास रोखून उभे राहिले. सूर लागला. पूर्वीसारखा गोल नव्हता, कडेला थोडा फाटत होता, पण लागला. देव उंबऱ्याबाहेर पडला. मला इतका आनंद झाला की शेजारी कोण होता त्याचा हात मी दाबला. तो आमच्या घरावर डूख धरून असलेला भाऊबंद निघाला, पण त्यानेही हात सोडवून घेतला नाही.

एरवी पालखीपुढे मामा अर्धवट तिरके चालत. त्या दिवशी त्यांनी देवाकडे पुरतं तोंड केलं आणि ते पाठमोरे डोंगर चढू लागले. देवाला घरातून काढताना पाठ दाखवायची नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. त्यांना मागून सांभाळायचं काम माझ्याकडे आलं. वाट वळली की मी ओरडायचो, "मामा, डावीकडे!" आणि मामा विचारात पडायचे. मी त्यांच्या पाठीमागे. म्हणजे कोणाचं डावं? दोनदा ते करवंदीच्या जाळीत गेले, एकदा एका धोंड्यावर बसलेच, पण सूर सोडला नाही. शेवटी मी बोलणं सोडलं आणि त्यांच्या कमरेचं उपरणं हातात धरून बैलाला वळवावं तसं त्यांना वळवत नेलं. पालखीचे भोई हसत होते, बाया हसत होत्या, मीही हसत होतो. आम्ही सगळे डोंगराकडे तोंड करून चढत होतो, पायाखालची वाट बघत. मामांचं तोंड मात्र चढणभर खाली होतं, गावाकडे.

वर नव्या छपरात देवाला बसवलं, आरती झाली, माणसं पांगली. काहींना त्याच दिवशी पुढच्या वाटेला लागायचं होतं. मामा एका दगडावर बसले होते, सनई मांडीवर आडवी. मी जवळ जाऊन म्हटलं, "मामा, काय वाजवलंत!" आणि मी ते मनापासून म्हटलं. त्यांनी मान हलवली. मग गालावर हात ठेवला.

"भाचेबुवा, आता दुखतुया."

मी त्यांना उन्हाकडे तोंड करून बसवलं आणि तोंड उघडायला लावलं. मामांनी आज्ञाधारकपणे आ केला. मी नीट पाहिलं, बोटाने दाबूनही पाहिलं. जखम छान भरून आली होती. सूज नव्हती, लाली नव्हती. पलीकडचा काळा दातसुद्धा गुपचूप होता. तोंडात दुखण्यासारखं काही म्हणता काही नव्हतं. मी त्यांना तसं सांगितलं.

"बरं," मामा म्हणाले. शिकणाऱ्याचं मन मोडू नये म्हणून ते मला हसून दाखवत होते. पण गालावरचा हात मात्र त्यांनी काढला नाही.